मध्ययुगीन इतिहास आणि साहित्य ऑनलाइन शिकवायला कुठली डिजिटल साधनं वापरावीत?

साधनं तीच, जी तुम्हालाही ठाऊक असतील. इंटरनेट अर्काइव्हवर इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड स्कॅन केलेले आहेत, विकिस्रोतावर ज्ञानेश्वरी आहे, विश्वकोश ऑनलाइन आहे. पण लिंका टाकल्या म्हणून पोरं वाचत नाहीत, निम्मी तर उघडतसुद्धा नाहीत.

मी अलिबागकडे बीएच्या मुलांना शिकवते. २०२० ला लॉकडाऊन, त्यात जूनमध्ये निसर्ग वादळ, लाइट नाही, रेंज नाही, व्हिडिओ लेक्चर विसराच, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. पाऊस सरल्यावर ग्रुपवर सांगितलं, गावात देवळामागे नाहीतर शेताच्या बांधावर कोरीव दगड असेल तर फोटो टाका. रेवदंड्याकडच्या एका मुलीने गद्धेगाळ टाकली, म्हणजे गाढवाची शिवी कोरलेला जुना दगड. भर दुपारचा फोटो, नुसता शेवाळलेला दगड दिसत होता. तिला म्हटलं, काळोख पडल्यावर भावाला घेऊन जा, मोबाइलचा टॉर्च समोरून मारू नको, दगडाला लागून आडवा धर. आणि काय फोटो आले! वर सूर्य-चंद्र, खाली गाढव आणि बाई, मधे झिजलेल्या ओळी, त्यातलं 'स्वस्ति श्री' सावलीमुळे लख्ख. एरवी 'यस मॅम'च्या पलीकडे न बोलणारी पोरं रात्री उशिरापर्यंत झूम करून अक्षरं लावत बसली होती.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांचा फोन. असले अश्लील फोटो ग्रुपवर नकोत, सिलॅबसमध्येही नाही, डिलीट करा. मी केले नाहीत. अहो, दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला घातलेली ती शिवी आहे, तीही राजशासनात! मुंबईतल्या परळचा, कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अपरादित्य राजाचा शिलालेख घ्या, शके ११०८, म्हणजे ११८७ चा. मजकूर बराचसा संस्कृत आणि शाप चक्क मराठीत, माझ्या मते गावातल्या माणसाला तेवढं तरी कळलंच पाहिजे म्हणून. मी त्याच आठवड्यात तो लेख आणि १२९० ची ज्ञानेश्वरी शेजारी ठेवून शिकवली, मधे जेमतेम शंभर वर्षं. ओवी दाखवायची आणि शिवी झाकायची याला इतिहास शिकवणं म्हणत नाहीत, हे सरांना तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगेन.

तेव्हा पीपीटी बाजूला ठेवा आणि मुलांच्या गावातलं काहीतरी त्यांच्याच मोबाइलमधून वर्गात येऊ द्या. हां, शाळेतली मुलं असतील तर गद्धेगाळ नको, वीरगळ घ्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड. दगडावर खडू, पावडर घासू देऊ नका, शेंदूर असेल तर हात लावण्याआधी गावात विचारा. विकिस्रोतावरच्या ओव्या छापील प्रतीशी ताडून घ्या. राजवाड्यांच्या स्कॅनमध्ये सर्चच्या भरवशावर राहू नका, जुना देवनागरी छापा त्याला नीट वाचता येत नाही, पानं चाळावीच लागतात. मोडीचं वेगळं विचारा, ते इथे मावायचं नाही.