उन्हाळ्यात खोल जलाशयातला ट्राउट कुठे शोधायचा?

वसंतात काठावरून ट्राउट लागत होते, उन्हाळ्यात त्याच जागी त्याच आमिषाला मासा शिवतही नाही, असं तुम्ही लिहिलंय. मासे तिथेच आहेत, फक्त खाली उतरलेत. म्हणून आधी खोली शोधा, जागा नंतर.

उन्हाने तापलेलं पाणी हलकं होऊन वर तरंगतं आणि खालच्या गार, जड पाण्यात मिसळत नाही. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात तापमान भराभर उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. रेनबो ट्राउटला साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं, त्यामुळे तो या पट्ट्याच्या आसपास फिरतो. तळाशी मात्र वेळ घालवू नका. उन्हाळा सरता सरता कित्येक जलाशयांत तळाचा प्राणवायू संपत आलेला असतो.

फिश फाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, हा पट्टा धूसर रेघेसारखा दिसतो. ते यंत्र नसेल तर माझी पद्धत सांगतो. एका बाटलीला खाली वजन बांधायचं, बूच लावायचं आणि बुचाला वेगळी दोरी. बाटलीच्या दोरीला दर मीटरला गाठ. हवी तितकी खोल सोडली की बुचाला हिसका द्यायचा. बुडबुडे वर आले की बाटली भरली; भरभर ओढून लगेच थर्मामीटर घालायचा. पाच-सहा खेपांत कोणत्या गाठीपासून पाणी गार होतं ते कळतं. हातालासुद्धा जाणवतं!

ती गाठ सापडली की होडीतून वजन लावून स्पून (चमच्याच्या आकाराचं धातूचं चकाकतं आमिष) त्याच खोलीवर हळू ओढा. माशांच्या खाली नको, किंचित वर ठेवा, कारण ट्राउट वरचं भक्ष्य चटकन टिपतो.

होडी नसेल तर जिथे काठ एकदम खोल उतरतो तिथे बसा, आणि वारा पाहा. एकाच दिशेने दोन-तीन दिवस वारा वाहिला की गरम पाणी समोरच्या काठाकडे ढकललं जातं, आणि वारा जिथून येतो त्या काठाला गार थर वर चढतो. लाटा दिसतात म्हणून लोक समोर जातात. खोलीवरच्या ट्राउटसाठी मी उन्हाळ्यात वाऱ्याकडे पाठ करून बसतो. पहाटे तर तिथे मासा बराच वर येतो.

एक कळकळीची विनंती. वरचं पाणी २० अंशांच्या पुढे गेलं असेल तर पकडून सोडण्यासाठी ट्राउट धरू नका. गारव्यातून ओढून आणलेला, दमलेला मासा त्या पाण्यात बहुधा वाचत नाही. खाण्यापुरते घ्या आणि गळ गुंडाळा.