वाचक विचारतात : दारावरची थाप

प्रश्न : डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या ‘द मंकीज पॉ’ (१९०२) या कथेचं आमच्या वाचक मंडळात मराठी अभिवाचन आहे. वेळ २० मिनिटं. सुरुवातीचा बुद्धिबळाचा डाव गाळावा का? मेलेला मुलगा शेवटपर्यंत दिसतच नाही, मग लोक घाबरतील कशाला? आणि कथा गिरण्यांच्या सोलापुरात आणता येईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी संयोजकांकडून अर्धा तास मागून घ्या. मूळ कथा साधारण ४००० शब्दांची आहे. २० मिनिटांत ती पळवावी लागेल. डाव गाळू नका. मुलाचे वडील, म्हातारे व्हाइट, त्यात स्वतःच्याच राजाला विनाकारण धोक्यात घालतात. पाहुणा आलेल्या मॉरिस या शिपायाने आगीत फेकलेला, तीन इच्छा पुरवणारा माकडाचा पंजा हाच माणूस उचलून घेईल, हे त्यामुळे पटतं. कात्री मॉरिसच्या शिपाईगिरीच्या गप्पांना लावा. पंजाच्या पहिल्या मालकाने तिसऱ्या वेळी मरण मागितलं, एवढं मात्र राहू द्या.

मुलगा दिसत नाही, हीच तर या कथेची ताकद. घराच्या कर्जापायी २०० पौंड मागितले, मुलगा यंत्रात सापडून गेला, कंपनीने जबाबदारी झटकून नेमके तेवढेच पैसे दिले. योगायोग म्हणून सगळं सोडून देता येतं. ‘मी त्याला फक्त कपड्यांवरून ओळखलं’ हे बापाचं वाक्य सावकाश वाचा आणि क्षणभर थांबा. मग आईच्या हट्टापायी बाप दुसऱ्या इच्छेत मुलगा परत मागतो आणि दारावर थाप पडते. दारामागे काय उभं असेल, ते ऐकणारा स्वतःच रचतो. किंकाळी घातलीत की ते चित्र पुसलं जाईल.

थाप स्पीकरवरून नको, आवाज छतातून आल्यासारखा वाटतो. विंगेत सागवानी फळी ठेवा आणि बोटांच्या पेरांनी वाजवा. पहिली थाप इतकी हलकी, की पुढच्या रांगेलाही शंका यावी. मग जोर वाढवत न्या. आई खुर्ची ओढून वरच्या कडीपर्यंत पोचायला बघते, बाप अंधारात जमिनीवर पंजा चाचपतो. इथे वाचनाचा वेग वाढला तर चालेल. तिसरी इच्छा काय होती, हे जेकब्ज शब्दांत सांगत नाहीत. बहुतेक रूपांतरकार इथेच ‘तो परत जाऊ दे’ घुसडतात आणि माती करतात.

सोलापूरची कल्पना चांगली आहे, पण दोन अडचणी आहेत. मुलाला अग्नी दिला तर परत यायला देहच उरत नाही. तेव्हा दफनाची रीत असलेलं घर घ्या, लिंगायत किंवा ख्रिस्ती. दुसरी अडचण काळाची. १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला आणि गिरणीला अशा मृत्यूबद्दल पैसे देणं भाग पडलं. मग ‘जबाबदारी आमची नाही, तरीही ही रक्कम घ्या’ यातला थंडपणा उरत नाही. म्हणून कथा १९१९-२०च्या सुमाराची ठेवा. मूळ कथेत पंजा हिंदुस्थानातून येतो, कारण इंग्रज वाचकाला तो मुलूख दूरचा. तुमच्याकडे तो पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) लढाईवरून परतलेल्या शिपायाच्या पेटीतून निघू दे.