वडिलांना मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार) आहे. आजार किती पुढे सरकला हे बघायला सांगलीहून दर महिन्याला पुण्याला न्यावं लागेल का?

नुसतं मोजण्यासाठी दर महिन्याला न्यायला नको. एएलएसएफआरएस-आर ही १२ प्रश्नांची मोजपट्टी घरीच महिन्यातून एकदा भरता येते. मी इथे सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या रुग्णांकडून हीच भरून घेते. बोलणं, गिळणं, अक्षर, जिना चढणं, श्वास अशा प्रत्येक गोष्टीला ४ (पूर्वीसारखं जमतं) ते ० (अजिबात जमत नाही) गुण, एकूण ४८. अंदाजाने गुण देऊ नका. शर्टाची बटणं स्वतः लावतात का, कुशीवर वळताना चादर सावरता येते का, ते समोर बसून बघा. वजनही लिहून ठेवा. मात्र बेरजेवर विसंबू नका, श्वासाचा एक गुण घसरला तरी ते गंभीर आहे. साधारण दर ३ महिन्यांनी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची तपासणी, कराच. आडवं झोपल्यावर दम लागू लागला किंवा सकाळी उठल्यावर डोकं दुखू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टना गाठा.