नेट झाली, जेआरएफ हुकली; पीएचडीचा खर्च कोण देणार?

प्रश्न : रसायनशास्त्रात एमएस्सी केलं. सीएसआयआर-नेटमध्ये निवड झाली, पण जेआरएफच्या यादीत नाही. ‘असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश’ या गटात. घरून पैसे मिळणार नाहीत. स्टायपेंडसह पीएचडी कुठे करता येईल? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या निकालाने प्रवेशाचं दार उघडतं, पैशाचं नाही. प्रवेशासाठीही तो वर्षभरच चालतो, म्हणून अर्ज आत्ताच सुरू करा. नेट पुन्हा द्याच. जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं; दोन वर्षांनी समितीने काम पाहून पसंती दिली तर ४२,०००.

तोवर आयआयटीतल्या प्रवेशासाठी गेट ही परीक्षाही द्या. आयआयटी मुंबईत टीचिंग असिस्टंट म्हणून घेतलेल्यांना संस्थाच स्टायपेंड देते. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, ती रसायनशास्त्रालाही आहे.

तिसरी वाट प्रोजेक्टची, आणि फसगत होते ती इथेच. प्राध्यापकाला मिळालेल्या निधीतून प्रोजेक्ट फेलो नेमतात. जाहिरात विद्यापीठाच्या वेबसाइटवर ‘रिक्त पदे’मध्ये कुठेतरी दडलेली असते. पण ही नेमणूक म्हणजे पीएचडीची नोंदणी नव्हे, आणि प्रोजेक्ट संपला की पगारही संपतो. तीन वर्षांच्या प्रोजेक्टची दोन वर्षं आधीच उलटली असतील, तर तुमच्या वाट्याला बारा महिने. मुलाखतीत संकोच न करता विचारा : मुदत कधी संपते? नोंदणी कोणत्या विद्यापीठात, कधी? तुमच्याकडे जागा रिकामी आहे का? यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील, तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. यावर उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी प्रयोगशाळा बघा.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गांसाठी आहेत, पण त्या साधारणपणे नोंदणी झालेल्यांनाच मिळतात. आधी नोंदणी, मग अर्ज. मधले महिने पदरमोड करावी लागते, हे धरून चला.

ईमेल एकेका प्राध्यापकाला वेगळी पाठवा. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड’ ही ओळ त्यांनी सकाळपासून पाच वेळा वाचलेली असते. त्याऐवजी लिहा : ‘पॅलेडियम कॅटॅलिस्टवरचा तुमचा पेपर वाचला. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये सुझुकी कपलिंग केलं, कॉलम स्वतः चालवला, एनएमआर वाचता येतो.’ हे खरं असेल तरच, कारण मुलाखतीत स्पेक्ट्रम समोर ठेवतात.

प्रश्न : परदेशात काही सोय? – तेच वाचक

उत्तर : जर्मनीत पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरी असते आणि तिची जाहिरात निघते. युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या पीएचडीच्या योजनेत अट अशी, की ज्या देशात पीएचडी करायची, तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत. साताऱ्यात राहणाऱ्याला तिची चिंता नाही. ब्रिटनच्या जाहिरातीत मात्र ‘सेल्फ-फंडेड’ शब्द दिसला की पुढे वाचू नका. तिथे फी तुम्हीच भरायची असते.