थंडीत दही लागत नाही, विरजण दुप्पट करू का?

करू नका.

तुम्ही लिहिलंय की नाशिकला आठवडाभर रात्रीचा पारा दहाच्या खाली आहे. तीन दिवस सकाळी दूध जसंच्या तसं राहिलं आणि चौथ्या दिवशी विरजण वाढवलं तर आंबटढाण, पाणी सुटलेलं दही मिळालं. सासूबाई म्हणतात, तुमच्या हाताला दही लागत नाही. शेवटी विचारलंय, थंडीत दही खावं का? त्यात मी पडत नाही. खायचं नसतं तर लावलं नसतंत. हाताबद्दल मात्र बोलणार, कारण ते वाक्य मीही ऐकून घेतलंय आणि मला ते आजतागायत पटलेलं नाही.

आधी विरजण. घरच्या विरजणात जिवाणूंच्या बऱ्याच जाती एकत्र असतात. साधारण ३० ते ४३ अंशांत त्या काम करतात, २० च्या खाली जवळजवळ थांबतात. गारठून बसलेल्या कामगारांची संख्या दुप्पट केली म्हणून काम होत नाही. उलट जुन्या दह्यातलं आम्ल मात्र दुधात दुप्पट जातं, मग कवडी धड बसत नाही, दही रवाळ होतं आणि पाणी सुटतं. लिटरभर दुधाला उन्हाळ्यात चहाचा एक चमचा विरजण पुरतं, थंडीत दोन, फार तर तीन; हे थंडीचं माप झालं, त्याच्या दुप्पट नको. ते आंबट नको, आदल्या दिवशीचंच हवं, आणि फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढलेलं.

खरी चोरी उष्णतेची होते, आणि ती पाच-सहा ठिकाणी थोडी थोडी होते, म्हणून लक्षात येत नाही.

पहिली चोरी बोटाची. करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले की दूध विरजायला तयार, ही आपली पिढीजात पद्धत. पण थंडीत बोटंच गार असतात, त्यामुळे ३५ अंशांचं दूधही चटका दिल्यासारखं लागतं. दूध अजून गरम आहे असं वाटून आपण थांबतो आणि ते आणखी निवतं. आधी हात मिनिटभर कोमट पाण्यात धरा, मग करंगळी बुडवा. किंवा सरळ स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या आणि ४४ अंशांना विरजण घाला. तीन-चार दिवस आकडा पाहिलात की पुढे बोटालाही अंदाज येतो.

दुसरी, भांडं. रॅकवरचं स्टीलचं पातेलं बारा-चौदा अंशांचं असतं, दूध ओतताच ते आपला वाटा घेतं. उकळतं पाणी फिरवून पातेलं आधी गरम करा. तिसरी, विरजण मिसळायला दूध या भांड्यातून त्या भांड्यात वर-खाली करणं. उन्हाळ्यात त्याने फेस छान येतो, थंडीत दोन-तीन अंश हवेत जातात. त्यापेक्षा वाटीत चमचाभर दुधात विरजण घोटून ते पातेल्यात ढवळा.

चौथी सगळ्यात मोठी आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची: ग्रॅनाइटचा ओटा. रात्री त्याला हात लावून पाहा. पातेलं थेट त्यावर ठेवलं की बुडाकडून ऊब शोषली जाते, वरून कितीही गुंडाळा. खाली लाकडी पाट किंवा चौपदरी टॉवेल हवाच. चुलीच्या घरात दह्याचं भांडं वैलाजवळ, म्हणजे चुलीला जोडून असलेल्या छोट्या तोंडाजवळ ठेवत, तिथे राखेची धग रात्रभर असायची. ती धग गेली, ओटा आला आणि दोष हाताला लागला.

घोंगडी, शाल, पिठाचा डबा हे सगळं फक्त असलेली ऊब धरून ठेवतं, नवी तयार करत नाही. निवलेलं पातेलं घोंगडीत घातलं तर ते घोंगडीत निवलेलंच राहतं. पावशेर दूध लिटरभरापेक्षा फार लवकर गार होतं, म्हणून या आठवड्यात अर्ध्या लिटरपेक्षा कमी लावूच नका.

सगळ्यात भरवशाचा कुकर. पाच लिटरच्या कुकरात दोन वाट्या उकळतं पाणी आणि तीन वाट्या नळाचं गार पाणी घाला, ते ४५ अंशांच्या आसपास येतं. आत जाळी ठेवून त्यावर झाकलेलं पातेलं ठेवा, पाणी बाहेरून दुधाच्या निम्म्या उंचीपर्यंत यावं. कमी पडलं तर याच प्रमाणात वाढवा. कुकरचं झाकण लावा, गॅस पेटवायचा नाही. खाली पाट, वरून जुनी चादर. रात्री झोपताना लावण्यापेक्षा संध्याकाळी सातला, स्वयंपाकघर पोळ्यांनी तापलेलं असताना लावा. झोपण्यापूर्वी एकदा पाणी बदलता येतं. आठ ते दहा तास लागतील. पातेलं किंचित कलतं केल्यावर कवडी एकसंध सरकली की लगेच फ्रिजमध्ये, तासभरही उशीर नको.

दूध फक्त उतू जाईपर्यंत तापवणं पुरत नाही. मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत आटवा, त्याने दह्याला घट्टपणा येतो. म्हशीचं दूध घट्ट लागतं, टोन्ड दूध पातळच लागणार, त्याला थंडी जबाबदार नाही.

सकाळी लागलेलं नसेल तर पुन्हा विरजण घालू नका, पातेलं गॅसवरही चढवू नका, बुडाला फुटतं. वास चांगला असेल तर न ढवळता, वर सांगितल्याप्रमाणे पाणी भरलेल्या कुकरात दोन-तीन तास ठेवा. तार सुटत असेल, चिकट असेल, तर ते कमी उबेत लागल्याचं लक्षण. कढीला चालतं, पण त्याचं विरजण ठेवू नका. कडवट वास किंवा गुलाबी डाग दिसला तर टाकून द्या.

मिरचीची देठं हा विरजण नसताना सुरुवात करण्याचा उपाय आहे, थंडीवरचा नव्हे. आणि मातीचं भांडं! सगळे कौतुकाने सुचवतात. ते पाझरतं आणि बाष्प उडून स्वतःच गार होतं. मे महिन्यात उत्तम, भोगीच्या आठवड्यात घात. त्यापेक्षा चिनी मातीचा सट बरा.

हे सगळं नाशिक-निफाडच्या थंडीसाठी आहे. रत्नागिरीला राहत असाल तर यातलं निम्मं विसरा. लोण्याचंही तेच: साय घुसळून लोणी गोळा होत नसेल तर हात बदलू नका, कोमट पाण्याचा हबका मारा.

आता हाताचं. एकाच पिशवीतलं दूध, दोन सारखी पातेली. एकात विरजण सासूबाईंनी घालावं आणि ते ओट्यावर उघडं ठेवावं. दुसऱ्यात तुम्ही घाला आणि कुकरात ठेवा. सकाळी दोन्ही झाकणं त्यांनाच उघडू द्या. दुसऱ्या रात्री पातेल्यांच्या जागा बदला.