ट्रायकोडर्मा टाकूनही हळद का कुजते? गायीला यीस्ट केव्हा द्यावे?

खरिपाच्या तोंडावर आलेल्या प्रश्नांत यंदा जिवाणू-बुरशीच्या पाकिटांबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. पिकांसाठी, दुभत्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठीही. त्यातल्या चार प्रश्नांची उत्तरे देतो.

प्रश्न (वसमत तालुका): हळदीला लागवडीच्या वेळी ट्रायकोडर्मा दिला होता. ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडली म्हणून ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम एकत्र करून आळवणी केली, म्हणजे द्रावण झाडांच्या बुडाशी ओतले. तरी कंदकूज थांबली नाही. माल बोगस होता का?

असेलही. पण तुम्ही जे केले, त्यात अस्सल मालही वाया गेला असता. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. एका टाकीत घातले की ट्रायकोडर्माचा जीव टाकीतच जातो. शिवाय हळदीची कंदकूज बहुतेक वेळा पिथियम या बुरशीसारख्या दिसणाऱ्या जीवामुळे होते आणि पिथियमवर कार्बेन्डाझिम चालतच नाही. पिथियम खऱ्या बुरशांच्या कुळातला नाही. म्हणजे खर्च करून मारायचा तो सोडला आणि राखायचा तो मारला.

दुसरी गोष्ट वेळेची. कुजायला लागलेला कंद ट्रायकोडर्मा बरा करत नाही. तो आधी मुळांभोवतीची जागा धरतो, रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालतो आणि त्यांची भिंत विरघळवणारी विकरे सोडतो. हे सगळे रोग यायच्या आधी व्हावे लागते, आणि त्यासाठी त्याला ओल व सेंद्रिय खाद्य हवे. एकरी दोन ते अडीच किलो ट्रायकोडर्मा दोनशे किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा. ताजे शेण नको, ते तापते. ढीग सावलीत ठेवा, ओलसर राहील इतपत पाणी शिंपडा, वर गोणपाट टाका. आठ-दहा दिवसांत, मध्ये एकदा वरखाली केल्यावर, पांढरट-हिरवी वाढ दिसू लागते. मग जमिनीत ओल असताना ते खत गादीवाफ्यावर पसरून मातीआड करा.

बेण्याला रासायनिक प्रक्रिया करायची असेल तर ती आधी करा, बेणे सावलीत सुकवा आणि ट्रायकोडर्माच्या द्रावणात अगदी लागवडीच्या वेळी बुडवा. उभ्या पिकात रासायनिक आळवणी करावीच लागली तर दोन्हींत किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवा.

आणि हे सगळे करूनही वाफ्यात पाणी तुंबत असेल तर माझ्या मते ट्रायकोडर्मावर पैसे घालूच नका. पिथियमचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. काळ्या भारी रानात आधी चर काढा. कंदमाशीकडेही लक्ष असू द्या. कुजक्या कंदात तिच्या अळ्या बऱ्याचदा सापडतात.

प्रश्न: संकरित गाय व्यायला दोन महिने झाले. दूध १८ लिटर आहे, पण डेअरीत फॅट २.८ लागते. शेण पातळ, फेसाळ. दुकानदाराने यीस्टची प्रोबायोटिक (पचनाला मदत करणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांची) पावडर दिली आहे. चालू करू का?

करा, पण आधी गव्हाण बघा. दूध वाढावे म्हणून भरडा-पेंड वाढवली आणि कडबा कमी केला, असे झाले आहे का? पिठूळ खाद्य जास्त झाले की कोठीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या मोठ्या पोटात, आम्ल वाढते. गाय रवंथ कमी करते, त्यामुळे लाळ कमी सुटते, आणि आम्ल मारणारा नैसर्गिक सोडा तर लाळेतच असतो. चोथ्यापासून जे आम्ल तयार होते, त्यातून दुधाची फॅट बनते. चोथा कमी तर फॅट कमी. दुपारी गोठ्यात उभे राहून पाहा. बसलेल्या गायींपैकी निम्म्याही रवंथ करत नसतील तर दुखणे हेच.

एकूण आंबोण तेवढेच ठेवून ते तीन-चार वेळा विभागून द्या. त्याआधी कुट्टी द्या, तीही इंच-दीड इंचाची. भुशासारखी बारीक नको. आंबोणातून दिवसाला १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा द्या. पावडरीचा उपयोग यानंतर.

जिवंत यीस्ट कोठीपोटात घासाबरोबर शिरलेला प्राणवायू वापरून टाकते. तिथल्या चोथा पचवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही, म्हणून त्यांना त्याचा फायदा होतो. लॅक्टिक आम्ल खाणारे जिवाणूही वाढतात. मात्र यीस्ट तिथे कायमचे वस्ती करत नाही, त्यामुळे रोज द्यावे लागते. उकळत्या आंबोणात टाकले तर मरते. पाकिटावरच्या मात्रेने तीन-चार आठवडे देऊन फॅट आणि शेण पाहा. फरक नसेल तर बंद करा.

काहीजण आंबट ताक पाजतात. पोटात आधीच आम्ल झालेल्या गायीला ते नको. गाय धान्याचे पोते फोडून खाऊन बसली असेल तर हा सल्ला बाजूला ठेवा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

प्रश्न: गावरान कोंबड्यांच्या पिलांना पाण्यातून प्रोबायोटिक देते, तरी मर होते.

ताई, पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकता का? क्लोरीन त्या जिवाणूंनाही मारतो. प्रोबायोटिक देताना साधे स्वच्छ पाणी वापरा आणि दोन-चार तासांत संपेल एवढेच भरा. पिलू अंड्यातून निघते तेव्हा त्याच्या आतड्यात जिवाणू जवळजवळ नसतात, म्हणून पहिल्याच दिवसापासून दिलेले जास्त कामी येते. सोबत ‘खबरदारी म्हणून’ प्रतिजैविक देऊ नका. कोलिस्टीन तर जनावरे व कोंबड्यांसाठी २०१९ पासून बंद आहे. कुणी विकले तरी घेऊ नका. मर चालूच राहिली तर मेलेले पिलू तपासणीला न्या.

प्रश्न: हरभऱ्याचे रायझोबियम उरले आहे, सोयाबीनला चालेल का?

नाही. रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारा जिवाणू, आणि सोयाबीनचा जिवाणू वेगळा. किलो बियाण्याला २५ ग्रॅम, सावलीत चोळा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, रायझोबियम सर्वांत शेवटी. पाकिटावर अंतिम तारीख आणि जिवाणूंची संख्या बघा: पावडरीत ग्रॅमला किमान ५ कोटी, द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी. दुकानात उन्हात ठेवलेले पाकीट घेऊ नका.

पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी दोन-तीन झाडे मातीसकट अलगद उपटा आणि मुळावरच्या गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असतील तर जिवाणू काम करतो आहे, युरिया देऊ नका.