झोप येणे आणि झोप लागणे

वडोदऱ्यातच वाढलेली, मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी विचारते: ‘पुण्याची आत्या आमच्याकडे राहायला आली होती. सकाळी मी तिला म्हटलं, रात्री मला झोपच आली नाही. ती म्हणाली, अगं, झोप लागली नाही म्हणावं. यात खरंच काही फरक आहे, की आमच्या मराठीवर गुजरातीची सावली पडलीय म्हणून ती चूक काढते?’

फरक आहे, आणि तू जो विषय शिकते आहेस त्यातच तो सगळ्यात स्वच्छ दिसतो.

आधी हे वाक्य म्हणून बघ: ‘मी दहाला झोपले, झोप येतही होती, पण लागली बारा वाजता.’ मराठी कानाला यात काही खटकत नाही. झोपणं म्हणजे अंथरुणावर आडवं होणं. ते आपण करतो, म्हणून तिथे ‘मी’ येतं. पुढच्या दोन्ही गोष्टी आपल्या हातात नाहीत, म्हणून त्या ‘मला’ होतात. एका वाक्यात तीन वेगळ्या घटना, आणि तिन्हींना वेगळी क्रियापदं.

गुजरातीत ‘ऊंघ आववी’ दोन्हीकडे चालतं. ‘मने ऊंघ आवे छे’ म्हणजे डोळे पेंगुळलेत, आणि ‘मने ऊंघ आवी गई’ म्हणजे झोप लागली. (हिंदीतलं ऊँघना याच कुळातलं, पण तिथे त्याचा अर्थ नुसत्या डुलक्या घेणं. गुजरातीत मात्र ऊंघ ही पुरी झोप.) आपल्याकडची मुलं हेच उचलतात आणि सांगतात, ‘टीव्ही बघता बघता मला झोप येऊन गेली.’ पुण्याच्या माणसाला यातून नेमकं उलटं कळतं: झोप आली आणि निघूनही गेली, म्हणजे मूल जागंच राहिलं! ही सावली मात्र खरोखर पुसायला हवी. ‘झोप आली नाही’ची गोष्ट वेगळी. तसं महाराष्ट्रातही सर्रास म्हणतात, त्यामुळे ते चूक म्हणता येणार नाही. अर्थ थोडा पसरट होतो, इतकंच.

आता ‘येणे’ कोणाकोणाबरोबर बसतं बघ. हसू येतं, रडू येतं, शिंक येते, घाम येतो. शरीरात काहीतरी साठतं, वर चढतं, आपल्याला ते जाणवतं. झोपही तशीच साठते. दिवसभर मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात, त्यातून ॲडेनोसिन नावाचं द्रव्य जमत जातं, आणि जितका वेळ जागं राहावं तितका त्याचा भार वाढतो. चहा-कॉफीतलं कॅफीन हा भार कमी करत नाही. ॲडेनोसिन ज्या जागी जाऊन बसायचं, ती जागा ते अडवतं. म्हणून रात्री जेवणानंतर कडक चहा घेतला की झोप येत नाही असं वाटतं, पण ती आत साठलेलीच असते. दुसरा हात मेंदूतल्या घड्याळाचा. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्या जागेच्या जरा वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. अंधार पडला की त्यांच्या इशाऱ्यावर पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. वयात येताना हे घड्याळ उशिरा चालू लागतं, त्यामुळे अकरा वाजले तरी तुमच्या वयाच्या मुलांना झोप येत नाही. आईला तो नुसता मोबाइलचा दोष वाटतो. मोबाइल भर घालतो हे खरं, पण घड्याळही सरकलेलं असतं.

आणि ‘लागणे’? इथे तू म्हणशील, भूक लागते, तहान लागते, त्याही आतून जाणवणाऱ्याच गोष्टी आहेत. बरोबर आहे, तिथे लागणे म्हणजे गरज भासणे. पण झोपेची गरज सांगायला मराठीने ‘येणे’ घेतलं आणि ‘लागणे’ दुसऱ्याच कामासाठी राखून ठेवलं. डोळा लागतो, ध्यान लागतं, समाधी लागते, ब्रह्मानंदी टाळी लागते. झोप लागणे या पंगतीतलं आहे. मन बाहेरच्या जगापासून सुटतं तो क्षण.

या क्षणाचा एक गुण व्याकरणात उतरलाय, आणि मला तो फार आवडतो. ‘मला झोप येतेय’ असं आपण सहज म्हणतो. ‘मला आत्ता झोप लागतेय’ असं कोणी म्हणत नाही. ‘आत्ता कुठे लागत होती, तेवढ्यात फोन वाजला’ हे चालतं, पण तेही जागं झाल्यावरच. लागत असताना ते सांगायला आपण तिथे नसतो.

आमचे मामंजी दांडिया बाजारातल्या घरी दुपारी जेवून झोपाळ्यावर बसत. हातातलं वर्तमानपत्र आधी एका कोपऱ्याने खाली यायचं, मग मांडीवर पडायचं, मग हनुवटी छातीला टेकायची. पायाचा अंगठा तेवढा फरशीला रेटा देत राहायचा, आणि शेवटी तोही थांबायचा. मी हळूच वर्तमानपत्र उचलायला गेले की आवाज यायचा, ‘राहू दे, मी वाचतोय.’ ते खोटं बोलत नव्हते. झोपेच्या पहिल्या, उथळ पायरीवरून माणसाला उठवलं तर पुष्कळदा तो ‘मी जागाच होतो’ म्हणतो. मेंदूच्या लहरींचा आलेख मात्र वेगळं दाखवतो. डोळे मिटून शांत पडल्यावर सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणाऱ्या अल्फा लहरी असतात, त्या विरून ४ ते ७ च्या संथ थीटा लहरी सुरू झालेल्या असतात. या पायरीला मराठीत ‘नुसता डोळा लागला होता’ इतका नेमका शब्दप्रयोग आहे. झोप लागली असं आपण तिला म्हणत नाही, डोळाच लागला म्हणतो.

झोपाळ्याचा गुणही खराच. २०११ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी माणसांना दुपारी हलक्या झुलणाऱ्या पलंगावर झोपवून पाहिलं, तेव्हा स्थिर पलंगापेक्षा झोप लवकर लागली. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं.

येणं आणि लागणं एकमेकांपासून किती सुटी असू शकतात, ते आजारात दिसतं. जागेपण सांभाळून धरणारं ओरेक्सिन नावाचं द्रव्य १९९८ मध्ये सापडलं. ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते, आणि मग बोलता बोलता, जेवता जेवता झोप लागते. उलट निद्रानाशाच्या कित्येक रोग्यांना झोप येते, दिवाणखान्यात डोळे मिटतात, पण अंथरुणाला पाठ टेकली की लागत नाही. अंथरूण आणि तळमळ यांची रोज गाठ पडून पडून अंथरूण हाच जागं राहण्याचा इशारा होऊन बसतो. तुझ्या अभ्यासातलं अभिसंधान ते हेच, पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची लाळ घंटेला सुटली तसं. बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर जो उपचार मांडला, त्याचं सार मराठीत सांगताना मला एकही पारिभाषिक शब्द लागत नाही: झोप आली तरच अंथरुणावर जा, लागली नाही तर उठ, दुसऱ्या खोलीत बस, परत आली की परत जा. आता यातल्या दोन्ही क्रियापदांच्या जागी एकच ‘येणे’ घालून बघ. उपचारच कळेनासा होतो.

साखरझोपेबद्दल तू विचारलेलं नाहीस, तरी लिहिते. रात्रीची झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी जाते. गाढ झोप पहिल्या फेऱ्यांत जास्त, आणि बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात ती स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती १९५३ मध्ये जगापुढे मांडली. पहाटेची स्वप्नं आठवतात ती म्हणूनच, त्यांच्यातूनच थेट जाग येते. आणि बघ, झोप लागते, पण जाग मात्र येते.

तर आत्याचं बरोबर की तुझं, हे त्या रात्रीवर आहे. डोळे जड झाले होते, जांभया येत होत्या आणि तरी कूस बदलत पडली होतीस, तर आत्या म्हणते तेच म्हण. पण बारा वाजता टक्क जागी होतीस, पुस्तक हातात आणि जांभईचा पत्ता नाही, असं असेल तर ‘झोपच आली नाही’ हेच नेमकं वाक्य आहे, आणि तसं आत्याला सांग.